एक मे आणि पहिली पायरी

एक मे उजाडला की आपल्या हिंगोलीकरांच्या दारी तीन तिथी एकदम येतात. 1960 साली याच दिवशी मराठी माणसाचे राज्य उभे राहिले. 1962 साली याच दिवशी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचा कारभार सुरू झाला. आणि 1999 साली याच दिवशी परभणीतून वेगळा होऊन आपला पाच तालुक्यांचा जिल्हा स्वतंत्रपणे नांदू लागला. पहिल्या तिथीला आपण झेंड्याला वंदन करतो, तिसरीचा वाढदिवस मानतो. मधली मात्र फारशी कुणाच्या ध्यानात राहत नाही. आज तिची आठवण काढावीशी वाटते, आणि ती काढताना पंचायत समितीपासून सुरुवात केलेले आपले दिवंगत खासदार राजीव सातव यांचे नाव आपसूक येते. पंधरवड्याने, 16 मे रोजी, त्यांचा स्मृतिदिनही आहे.

कळमनुरीच्या सातवांच्या घरात सत्ता नवी नव्हती. आई रजनीताई आमदार होत्या, राज्याच्या मंत्री होत्या. पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकून पुढे कायदा शिकलेल्या त्यांच्या मुलाने थेट विधानसभेचे तिकीट मागितले असते, तरी आपल्याकडे कुणाला ते वावगे वाटले नसते. घराण्याला एवढी सूट आपण नेहमीच देत आलो आहोत. पण राजीव 2002 साली पंचायत समितीत गेले, मग जिल्हा परिषदेत, आणि 2009 साली कळमनुरीचे आमदार झाले. घराण्याने दार उघडून दिले हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही घरकुलाची यादी, विहिरीचा अडलेला प्रस्ताव, शाळेची गळकी खोली आणि वैशाखातला टँकर ही जी लोकशाहीची बाराखडी, ती त्या पायरीवरच गिरवावी लागते. मंत्र्याच्या घरी जन्मून ती येत नाही.

पुढे ते अखिल भारतीय युवक काँग्रेसचे अध्यक्ष झाले. 2014 च्या लाटेत महाराष्ट्रातून काँग्रेसचे दोनच खासदार निवडून आले, नांदेडचे अशोक चव्हाण आणि हिंगोलीचे सातव. सातवांचे मताधिक्य 1,632. एखाद-दुसऱ्या मोठ्या गावात मावतील एवढी ही मते. ती वरच्या सभांनी मिळाली की बांधावरच्या जुन्या ओळखींनी, याचा पुरावा कुणी देऊ शकणार नाही. आपला कौल मात्र बांधाकडे. नंतर गुजरातचे प्रभारीपद आले, 2020 मध्ये राज्यसभा आली, आणि 2021 च्या मे महिन्यात, कोरोनाने गाठल्यावर, अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी सारे थांबले. आईने भूषविलेले मंत्रिपद लेकाच्या वाट्याला आले नाही. लेकाला निरोप देऊन रजनीताई मागे राहिल्या. 2024 मध्ये त्याही गेल्या.

त्या घराचे दुःख आपण जाणतो. पण त्यांच्या वाटचालीची पहिली पायरी पुढच्या पिढीसाठी शाबूत राहिली का, हे पाहणेही आपल्याकडेच येते. 2022 च्या मार्चमध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली, आरक्षण आणि गटरचनेचे वाद न्यायालयात रेंगाळले, कारभार प्रशासकांच्या हाती गेला आणि वर्षामागून वर्ष निवडणुकीविना सरले. अधिकारी वाईट असतात असे नव्हे. पण अधिकाऱ्याची बदली होते. सदस्य मात्र आठवडी बाजारात समोर सापडतो आणि त्याला तोंड चुकवता येत नाही. विशी-पंचविशीतली जी मुले या काळात पंचायत समितीत शिकली असती, ती फलकांवर नेत्यांमागे छायाचित्रापुरती उभी राहिली. उद्याचा आमदार, परवाचा मंत्री यांतूनच यायचा, तर त्याच्या शिक्षणातला हा खंड आपल्यालाच भोवणार आहे.

एक मे हा ग्रामसभेचाही दिवस. ध्वजवंदन आटोपल्यावर घराकडे वळण्याआधी आपण तिथे बसू या, टँकरच्या खेपांचा आणि घरकुलांच्या यादीचा हिशेब मागू या. आणि तो मागताना हातात कागद घेऊन जी मुलगी किंवा जो मुलगा उभा राहील, तो कुणाचा कोण हे न विचारता, पंचायत समितीच्या पुढच्या निवडणुकीसाठी त्याचे नाव लक्षात ठेवू या.