तेलाचा दाब कमी, दोष मात्र ड्रायव्हरचा?



संघटनेकडे आलेले एक प्रकरण आज मुद्दाम आपणासमोर मांडीत आहोत. प्रकरण एका ट्रक ड्रायव्हरचे आहे. परंतु शेडमधल्या फिटरला आणि टपाल खात्याच्या मेल मोटर सर्व्हिसमधील बांधवालाही ते आपलेच वाटेल, अशी आमची खात्री आहे.

इंजिनिअरिंग खात्याच्या एका डेपोतला सहा सिलिंडरचा ट्रक. सेवेचे तेरावे वर्ष. ड्रायव्हरने लॉगबुकात तीन वेळा लिहिले, "गाडीने वेग घेतला की ऑइल प्रेशरची सुई थरथरते व खाली येते." तिन्ही नोंदींसमोर कोणाची सही नाही, उत्तर नाही. चौथ्या वेळी त्याने तोंडी सांगितले, तेव्हा "जरा जाडे तेल टाका, दाब येईल" असा सल्ला मिळाला. तेल टाकले. आठ दिवसांत चढावर इंजिनातून ठोके येऊ लागले आणि गाडी जागीच जाम झाली. मग मात्र प्रशासनाला जाग आली. ड्रायव्हरला चार्जशीट मिळाली: निष्काळजीपणाने इंजिनाचे नुकसान केले, सबब खर्च पगारातून वसूल का करू नये?

१९६८ च्या शिस्त व अपील नियमांत अशी वसुली ही एक शिक्षा आहे, आणि त्याच नियमांत कामगाराला संघटनेच्या पदाधिकाऱ्याची मदत घेण्याचा हक्कही आहे. त्या हक्काने आम्ही चौकशीत उभे राहिलो. आम्ही एकच मागणी केली: दोष कोणाचा हे ठरविण्यापूर्वी दोष कशात आहे ते पाहा. चेंबर सर्वांसमक्ष उघडा.

येथे थोडे यंत्राविषयी बोलणे भाग आहे. पुष्कळांचा असा समज असतो की ऑइल पंप दाब निर्माण करतो. तसे नाही. पंप फक्त तेल ढकलतो. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधील बारीक फटीतून ते तेल सहजासहजी बाहेर पडू शकत नाही, म्हणून दाब तयार होतो. ही फट इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे आपल्या शॉपच्या भाषेत थाऊमध्ये मोजतात. ती दुप्पट झाली तर तेल दुप्पट नव्हे, जवळजवळ आठपट वाहते. म्हणून दाब कमी दिसला की प्रश्न चारच: गेज खरे सांगते आहे काय? तेल पातळ झाले आहे काय? तेल पंपापर्यंत पोहोचते आहे काय? की पोहोचूनही ते वाटेतच गळते आहे?

हे प्रश्न याच क्रमाने विचारावेत, कारण पहिल्याला खर्च जवळजवळ नाही आणि शेवटच्याला इंजिन उघडावे लागते. प्रथम डिपस्टिक पाहावी. तेल कमी असेल तर गळती शोधावी. तेल न टाकता पातळी वाढली असेल तर ती जास्त वाईट खूण आहे. वास घेऊन पाहावे, डिझेल मिसळत असेल तर नोझल वा पंपाकडे दोष आहे. तेल दुधासारखे पांढरट झाले असेल तर पाणी शिरते आहे. त्यानंतर इंजिन चांगले गरम करून मुख्य ऑइल गॅलरीला साधे मास्टर गेज लावावे आणि कंपनीच्या पुस्तकातील आकड्याशी ताडून पाहावे. पुस्तक हाताशी नसेल तर दर हजार फेऱ्यांना १० पौंड हा मोटार मेकॅनिकांचा जुना ठोकताळा आहे. मास्टर गेजवर दाब ठीक निघाला, तर दोष डॅशबोर्डच्या गेजचा किंवा त्याच्या वायरिंगचा. इंजिनाला हातही लावायचे कारण नाही.

मास्टर गेजवरही दाब कमी असेल, तर तो केव्हा कमी होतो ते पाहावे. थंड असताना ठीक, गरम झाल्यावर आयडलला पडतो, रेस केल्यावर वर येतो, आणि हे महिनोन्महिने वाढत गेले आहे, तर बेअरिंग किंवा ऑइल पंप झिजला आहे. थंड असो वा गरम, दाब एकाएकी पडून तसाच राहिला, तर रिलीफ व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला असेल किंवा त्याची स्प्रिंग तुटली असेल. आणि आयडलला ठीक, पण वेग घेतला की सुई थरथरून खाली येते, तर तेल पंपापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. चेंबरमधली जाळी तुंबली आहे, किंवा सक्शन पाइप सैल होऊन हवा ओढतो आहे.

आता ड्रायव्हरच्या नोंदीतले शब्द पुन्हा वाचावेत. त्याने यांपैकी नेमके शेवटचेच लक्षण लिहिले होते. तीन वेळा लिहिले होते.

चेंबर उघडला तेव्हा जाळीवर गाळ होता आणि त्या गाळात गॅस्केटच्या पेस्टचे वाळलेले तुकडे. काही महिन्यांपूर्वी चेंबरचे पॅकिंग बाहेरच्या गॅरेजातून ठेक्याने बदलून घेतले होते. पेस्ट भरमसाट लावली होती, ती आत सुटून जाळीवर बसली. पाऊण जाळी बंद. अशा जाळीतून जाडे तेल ओढणे पंपाला आणखी अवघड, म्हणजे दाब वाढविण्यासाठी केलेल्या उपायानेच बेअरिंग कोरडी पडली. पहिल्या नोंदीच्या दिवशी चेंबर उतरवून जाळी धुतली असती, तर एक गॅस्केट, एक तेलबदल आणि दोन माणसांची एक पाळी एवढ्यात काम भागले असते. आता क्रँक ग्राइंडिंग आणि बेअरिंगचा पूर्ण सेट.

चार्जशीट मागे घेतली गेली. याचा आम्हाला आनंद आहे, पण समाधान नाही. कारण त्याच बैठकीत आम्हाला ऐकविण्यात आले की, "ट्रकवर आता खर्च कशाला? दोन वर्षांत जाणारच आहे." १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी गाडीची नोंदणी टिकत नाही, हे खरे. परंतु पंधरा वर्षांचा नियम तेराव्या वर्षी लावण्याचा अधिकार कोणी दिला? गाडी उभी राहिली की ठेकेदाराची गाडी येते. ती एकदा आली की ड्रायव्हरची जागा रिकामी राहते आणि फिटरची जागा सरेंडर होते. जाळी तुंबल्याने एक इंजिन जाते, पण नोंद न वाचल्याने पदे जातात. आमचा खरा आक्षेप येथे आहे.

आणखी एक विसंगती पाहा. आपल्या डिझेल शेडमध्ये रेल्वे इंजिनाच्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत जातो. तेलात तांबे, शिसे, लोखंड किती आले यावरून कोणता भाग झिजतो आहे ते उघडण्याआधीच कळते. दाब मर्यादेखाली गेला तर ते इंजिन आपोआप बंद पडते. ज्या खात्याला हे सर्व ठाऊक आहे, त्याच खात्याच्या ट्रकला एक मास्टर गेज मिळू नये?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक मोटार डेपोत मास्टर गेज व त्या गाडीचे पुस्तक असावे. लॉगबुकातील प्रत्येक तक्रारीसमोर काय तपासले ते लिहून सुपरवायझरने सही करावी. जेथे जवळ डिझेल शेड आहे तेथे ट्रकच्या तेलाचा नमुनाही तपासला जावा. ठेक्याने केलेले काम खात्याच्या फिटरने पाहिल्याशिवाय ताब्यात घेऊ नये. आणि दाब कमी असताना गाडी उभी करणाऱ्या ड्रायव्हरवर कारवाई होणार नाही, असे लेखी द्यावे.

शेवटी आपल्या स्वतःविषयी. या प्रकरणात आपलीही चूक आहे आणि ती झाकणे बरे नव्हे. नोंद तीन वेळा झाली, पण शाखेकडे कोणी आले नाही. सुई खाली दिसत असताना "साहेब रागावतील" म्हणून गाडी चालविली गेली. जाडे तेल टाकणारा हातही आपल्यापैकीच एकाचा होता. बांधवांनो, सुई पडली की इंजिन बंद करा, लिहा, लिहिल्याची नक्कल स्वतःजवळ ठेवा आणि त्याच दिवशी शाखेला कळवा. या ड्रायव्हरला वाचविले ते आमच्या भाषणाने नव्हे. त्याने आपल्या साध्या अक्षरात लिहून ठेवलेल्या तीन ओळींनी वाचविले.