खरेदीखत की भाडेचिठ्ठी?

दिवाळी आली की आपल्याकडे एक शब्द माणसामाणसाच्या तोंडी खेळू लागतो. तो म्हणजे 'खरेदी'. पाडव्याच्या मुहूर्तावर कुणी सोन्याचे वळे घेतो, कुणी स्कूटर घेतो, तर कुणी नुसताच उटण्याचा पुडा घेऊन मुहूर्त साधतो. पण एका गोष्टीविषयी घेणाऱ्याच्या मनात तिळमात्र शंका नसते. पैसे मोजले, वस्तू घरी आणली, ती आपली झाली! उद्या ती वापरा, माळ्यावर टाका, मेहुण्याला देऊन टाका, नाहीतर जुन्या बाजारात विका. दुकानदाराचा तिच्याशी काडीचा संबंध उरत नाही. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्यामुळे शब्दांच्या अर्थाकडे जरा संशयाने पाहण्याची खोड मला जडली आहे. पण 'विकत घेणे' या साध्यासुध्या क्रियापदाविषयी कधी संशय घ्यावा लागेल, असे मात्र वाटले नव्हते. तो संशय माझ्या मनात भरवला व्हिडिओ गेम्सनी.

हे वाचून काही वाचकांच्या भुवया वर चढतील. मराठीचा प्राध्यापक, चाळिशी ओलांडलेला, आणि कॉम्प्युटरवर खेळ खेळतो? होय, खेळतो. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा हातावेगळा झाला की रात्री तासभर खेळतो. माझ्या वयाच्या माणसाने पत्ते कुटलेले चालतात, क्रिकेटचा सामना पाचही दिवस पाहिलेला चालतो, मग या खेळाने कुणाचे काय घोडे मारले आहे? आणि तुम्हांला म्हणून सांगतो, यांतले काही खेळ खरोखर थोर असतात. शेकडो चित्रकार, लेखक आणि संगीतकार एकेका खेळावर वर्षानुवर्षे राबतात. चांगली कादंबरी वाचून संपली की मनाला जशी हुरहूर लागते, तशीच चांगला खेळ संपल्यावरही लागते. म्हणून तर पुढची हकिकत सांगताना जीव हळहळतो.

'युबिसॉफ्ट' नावाच्या एका फ्रेंच कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये 'द क्रू' हा मोटारी हाकण्याचा खेळ बाजारात आणला. त्यात सगळ्या अमेरिकेचा एक लहान नकाशा उभा केला होता. पूर्व किनाऱ्यावरून मोटार काढावी आणि डोंगर, वाळवंटे ओलांडीत थेट पश्चिमेच्या समुद्राला जाऊन टेकावे! लोकांनी रोख पैसे मोजून तो घेतला. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवली आणि ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद केले. चारचौघांनी मिळून शर्यती लावायच्या, तेवढाच भाग बंद पडला असता तर एक वेळ समजण्यासारखे होते. पण एकट्याने खेळायचा भागसुद्धा कंपनीच्या सर्व्हरला विचारल्यावाचून सुरू होत नसे. तेव्हा सर्व्हर गेले आणि सगळाच खेळ गेला. ज्यांनी चकती विकत घेतली होती, त्यांच्या हाती नुसती चकती राहिली. वर कंपनीने लोकांच्या खात्यांतून त्या खेळाचा परवानाही काढून घेतला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या दोघा खेळाडूंनी कंपनीवर दावा लावला. त्यावर कंपनीचा बचाव काय? तर, तुम्ही खेळाची मालकी घेतलीच नव्हती. तुम्हांला होता तो फक्त वापरण्याचा मर्यादित परवाना!

म्हणजे पाहा. दुकानात 'विकत घ्या' असे लिहायचे आणि कोर्टात 'विकलेच नव्हते' असे सांगायचे.

या साऱ्या व्यवस्थेला इंग्रजीत मोठे भारदस्त नाव आहे, 'डिजिटल राइट्स मॅनेजमेंट'. म्हणजे डिजिटल हक्कांचे व्यवस्थापन. हक्क कुणाचे, ते नावात सांगितलेले नाही. आपण तिला साध्या मराठीत कुलूप म्हणू.

हे कुलूप काही आजचे नाही. माझ्या पिढीच्या मुलांनी 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा १९८९ सालचा खेळ खेळला असेल. त्यात राजपुत्राला पुढे जाण्यासाठी एका दालनात बाटलीतले औषध प्यावे लागे. कोणती बाटली? तर खेळाबरोबर मिळालेल्या छापील पुस्तिकेतले अमुक पान, अमुक ओळ, अमुक शब्द काढायचा. त्याचे पहिले अक्षर ज्या बाटलीशी असेल, ती प्यायची. पुस्तिका ज्याच्याजवळ, तो खरा गिऱ्हाईक. त्या कुलपात निदान थोडी गंमत होती, आणि मुख्य म्हणजे किल्ली आपल्या घरात असे.

पुढे किल्ली कंपनीच्या घरी गेली. २००८ साली 'स्पोर' हा खेळ आला. विकत घेतलेली एक प्रत तीनदाच कॉम्प्युटरवर चढवता येईल, अशी त्यात तजवीज होती. गिऱ्हाइकांनी आरडाओरडा केला, तेव्हा तिनाच्या पाच झाल्या. मौज अशी की एवढा बंदोबस्त करूनही त्या वर्षी चोरल्या गेलेल्या खेळांत 'स्पोर'चे नाव अगदी वरच्या ओळीत होते. मार्च २०१३ मध्ये 'सिमसिटी' आला. शहर वसवण्याचा हा खेळ. खेळणारा एकटा बसून खेळला, तरी इंटरनेट अखंड चालू हवे. पहिल्याच आठवड्यात सर्व्हरांवर एवढी गर्दी लोटली की पैसे भरलेल्या लोकांना शहराच्या वेशीबाहेर ताटकळत बसावे लागले. इंटरनेटशिवाय खेळण्याची सोय वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये मिळाली.

माझाही एक अनुभव सांगतो. मे महिन्यात कोकण रेल्वेने जात होतो. बरोबर लॅपटॉप, त्यात पैसे देऊन घेतलेला, एकट्याने खेळायचा एक खेळ. बोगद्यांमागून बोगदे येत होते, मोबाइलला रेंज नव्हती. खेळ उघडला तर पडद्यावर अक्षरे आली की तुमची ओळख पटवण्यासाठी इंटरनेटला जोडा. स्वतःच्या घरात शिरताना दारातल्या भालदाराने 'आपण कोण?' म्हणून हटकावे, तसे झाले. शेजारी एक कॉलेजचा मुलगा बसला होता. तो म्हणाला, "सर, तुम्ही ओरिजिनल घेतलात ना, म्हणून हा ताप! फोडलेल्या कॉपीत असलं काही विचारतच नाहीत." त्याचे बोलणे मला मुळीच पटले नाही, पण ते खोडूनही काढता येईना. कुलूप चोराने केव्हाच फोडलेले असते. त्याची झळ फक्त पैसे मोजणाऱ्याला लागते.

आता कंपन्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. चोरी होते, हे खरे आहे. सर्व्हर फुकट चालत नाहीत, हेही खरे. ज्याने कष्ट केले त्याला मोबदला मिळालाच पाहिजे. ज्या भाषेत लेखकाला मानधनासाठी चार-चार पत्रे लिहावी लागतात, त्या भाषेच्या मास्तराला हे कुणी निराळे सांगायला नको. पण २००८ सालीच पोलंडमधल्या काही मंडळींनी 'गॉग' नावाचे दुकान थाटले आणि तेथे बिनकुलपाचे खेळ विकायला सुरुवात केली. घ्या, उतरवून ठेवा, हवे तेव्हा खेळा. कुणी विचारणार नाही. ते दुकान अजून चालू आहे. गिऱ्हाइकावर विश्वास टाकला म्हणून दुकानाचे दिवाळे वाजत नाही, याचा यापेक्षा आणखी पुरावा तो काय हवा?

विकूनही हात न सोडण्याची ही हौस पुस्तकवाल्यांनीही एकदा करून पाहिली होती. अमेरिकेत बॉब्ज-मेरिल या प्रकाशकाने 'द कास्टअवे' नावाच्या कादंबरीत सूचना छापली की हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकायचे नाही. विकल्यास आमच्या हक्काचा भंग समजू. मेसीज या दुकानाने ते खुशाल ८९ सेंटला विकले. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९०८ साली निकाल लागला. प्रत एकदा विकलीत की तिच्या पुढच्या विक्रीवरचा तुमचा ताबा संपला! जुन्या पुस्तकांचे ढीग आणि गावोगावची वाचनालये उभी आहेत ती याच तत्त्वावर. माझे एम.ए. निम्म्याहून अधिक पदपथावरच्या जुन्या पुस्तकांवर झाले. त्या पुस्तकांवर आधीच्या मालकांची नावे होती, समासात त्यांची टिपणे होती. विकत घेतलेला डिजिटल खेळ मात्र बहुतेक दुकानांच्या नियमांप्रमाणे दुसऱ्याला विकता येत नाही.

आणि हे लोण खेळांपाशीच थांबणारे नाही. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने लोकांच्या किंडलवरून, त्यांनी पैसे देऊन घेतलेली पुस्तके परस्पर पुसून टाकली. विकणाऱ्याकडे ती विकण्याचा हक्क नव्हता, हे कारण. पैसे परत केले, कंपनीच्या प्रमुखांनी पुढे माफीही मागितली. पुस्तके होती जॉर्ज ऑर्वेलची, आणि त्यांतले एक '१९८४'! नको असलेले कागद जाळून इतिहास पुसणाऱ्या राजवटीची ती कादंबरी.

मला सर्वांत जास्त बोचते ती हीच पुसून टाकण्याची गोष्ट. आपले मूकपट गेले. त्या काळचे बहुतेक चित्रपट आज पाहायला मिळत नाहीत. पण ते आगीत गेले, हेळसांडीत गेले. खेळ मात्र धडधाकट असताना बंद होतात. २०२३ साली अमेरिकेतल्या 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेने पाहणी केली. २०१० पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असे तिला आढळले. ग्रंथालयांनी ते जपून अभ्यासकांना दुरून पाहू द्यावेत, अशी मागणी झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ती नाकारली.

लोक अगदीच स्वस्थ बसले आहेत असे नाही. 'द क्रू' बंद पडताच रॉस स्कॉट या अमेरिकन गृहस्थाने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ सुरू केली. मागणी केवढी? सर्व्हर जन्मभर चालवा, असे तो म्हणत नाही. दुकान बंद करून जाताना खेळ खेळता येईल अशा स्थितीत ठेवून जा, एवढेच. युरोपीय संघाकडे द्यायच्या अर्जाला दहा लाख सह्या लागत होत्या. जुलै २०२५ अखेर चौदा लाखांहून अधिक झाल्या. त्याआधीच, सप्टेंबर २०२४ मध्ये, युबिसॉफ्टने 'द क्रू'च्या पुढच्या भागांना इंटरनेटशिवाय खेळण्याची सोय देण्याचे कबूल केले होते, आणि दुसऱ्या भागाला ती मिळालीही. जे धाकट्याला जमले, ते थोरल्याला का जमू नये?

कॅलिफोर्नियाने त्याच महिन्यात एक कायदा केला. मालकी न देता नुसता परवाना देत असाल, तर गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगा. पुढच्याच महिन्यात 'स्टीम' या खेळांच्या बड्या दुकानाने पैसे भरण्याच्या जागी तशी एक ओळ छापली. चांगले झाले. पण पाटी बदलली, माल तोच राहिला.

आपल्याकडे 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व कायद्यात उतरले आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून असंख्य कुळे जमिनीची मालक झाली. 'खेळेल त्याचा खेळ' असा कायदा करा, असे मी म्हणत नाही. मोफत कुणालाच काही नको आहे. भाड्याने द्यायचे असेल तर खुशाल द्या. पण भाडे म्हणा, मुदत सांगा आणि भाड्याइतकेच पैसे घ्या. खरेदीची किंमत घेऊन भाडेचिठ्ठी हाती ठेवणे याला बाजारात निराळा शब्द आहे. तेव्हा या दिवाळीत मुलांसाठी एखादा खेळ घ्याल, तर किंमत विचारण्याआधी एवढेच विचारा, "इंटरनेट नसले तर हा चालेल ना?" विक्रेता चाचरला, तर आपण काय घेतो आहोत ते ओळखावे.