परसातल्या कोंबड्या आणि वेल हिशेबात धरा



मागं एका मेळाव्यात एका साहेबांनी माईकवर सांगितलं की घरामागं चार कोंबड्या अन् दोन वेल ही नुसती हौस, त्यानं शेतकऱ्याचं उत्पन्न वाढत नाही. कोंबड्याच करायच्या तर ५०० पक्ष्यांची शेड टाका म्हणे. टाळ्या पण वाजल्या. साहेबांचं नाव घेत नाही, माणूस वाईट नाही. पण बोलणं पटलं नाही, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते पटलंय असं दिसतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं सरळ आहे. शेतकऱ्याच्या घरात भाजी आणि अंडं विकत यायला लागलं की ते घर गावात राहून शहरातलं झालं, फक्त शहरातला पगार तेवढा नाही.

आमच्या बार्शी भागात बघा. नवीन घर झालं की पहिलं काम पेव्हर ब्लॉक. पुढं ब्लॉक, मागं कोबा, मोरीचं पाणी पाइपानं गटारात. आणि मग आठवडी बाजारातून कोथिंबिरीची जुडी, शेवग्याच्या चार शेंगा, अन् कढीपत्ता. कढीपत्ता सुद्धा विकत! ज्याच्या नावावर पाच एकर काळं रान आहे त्याची बायको कढीपत्त्याच्या काडीला पैसे मोजते. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय. आणि ती बाजारातली वांगी कुणी पिकवली? आपल्यासारख्यानंच. विकायच्या वांग्यावर आपण काय काय मारतो आणि तोडणीच्या किती दिवस आधी मारतो, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. म्हणून तर हुशार शेतकरी घरी खायची एक ओळ वेगळी ठेवतो. तीच ओळ घरामागं आणा, एवढंच म्हणतोय.

आता "परवडत नाही" या मुद्द्यावर येतो. आमच्या घरी वही आहे, ती आमची मंडळी लिहिते. गेल्या वर्षी ८ गावरान माद्या आणि १ कोंबडा. वर्षाची अंडी ४६६. त्यातली ९६ खुडूक कोंबड्यांखाली आठ वेळा मिळून बसवली, १६० विकली, १९० घरात खाल्ली, २० फुटली नाहीतर कुणाला दिली. बसवलेल्या ९६ मधून पिलं निघाली ७१. घार, मुंगूस आणि शेजारचा बोका यांचा वाटा जाऊन मोठी झाली ४१. त्यातली २२ विकली, ९ घरी कापली, ६ तलंगा ठेवल्या, ४ लेकीच्या घरी दिली. अंडं १२ रुपयांनी गेलं, पक्षी सरासरी ४०० नं. म्हणजे १,९२० अधिक ८,८००, एकूण १०,७२० रुपये. खर्च २,२०० : पावसाळ्यात विकत घेतलेली भरड, लस आणि खुराड्याची जाळी. राहिले ८,५२०. वर खाल्लेली १९० अंडी आणि ९ कोंबड्या वेगळ्या.

साहेब म्हणतील, साडेआठ हजारानं काय होतं? साहेब, कोरडवाहू सोयाबीनच्या एका एकराला खर्च वजा जाता किती उरतं ते एकदा आमच्या बांधावर बसून मोजा. आणि इथं तर एकर लागला नाही, गुंठा पण लागला नाही.

खरं सांगायचं तर ही अंडी पण कमीच आहेत. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था माणशी वर्षाला १८० अंडी सांगते. आमच्या पाच माणसांत १९० वाटली तर माणशी ३८ येतात. म्हणजे परसानं सगळं भागतं असा माझा दावा नाही. पण ज्या घरात एकही कोंबडी नाही तिथं ही ३८ तरी कुठून येणार? दुकानातून अंडं आणायला वीस वेळा विचार होतो. घरचं अंडं मात्र पोराच्या ताटात न विचारता पडतं.

आता ती ५०० ची शेड. तो धंदा आहे आणि ज्याला जमतो त्यानं जरूर करावा, माझा विरोध नाही. पण त्याला परसातल्या कोंबडीची सुधारलेली आवृत्ती म्हणू नका. ५०० ब्रॉयलरच्या एका बॅचला पावणेदोन ते दोन टन खाद्य लागतं. ते सगळं विकतचं. पिल्लू विकतचं, औषध विकतचं, भाव दुसऱ्याच्या हातात. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो अशी अफवा उठली, तेव्हा ब्रॉयलरचा भाव कसा कोसळला आठवतंय ना? लोकांनी पक्षी अक्षरशः मातीमोल दिले. परसातल्या कोंबडीला ती बातमी कळलीच नाही, तिनं त्या महिन्यात पण कडब्याच्या गंजीत अंडं घातलं.

परसातली कोंबडी खाते काय? खळ्यातलं सांडलेलं, ताटातलं उरलेलं, उकिरड्यातले किडे, वाळवी, गोठ्यातले गोचीड. जे वाया जाणार होतं त्याचं ती अंडं करते. हे काम शेडमधला पक्षी करू शकत नाही, कारण तो बाहेरच येत नाही. जातीचं पण तसंच. वनराज, गिरिराज अंगानं भरतात, ग्रामप्रिया वर्षाला दीडशेच्या पुढं अंडी देते, आपली गावरान ६० ते ८० वर थांबते. हे खरं आहे. पण त्या सुधारित जाती सहसा खुडूक होत नाहीत, पिलं काढायला मशीन नाहीतर पुन्हा विकत पिल्लू. गावरान २१ दिवस पोटाखाली अंडी धरते आणि पिलं घेऊन अंगणात येते. मिसळून ठेवा की दोन्ही! ग्रामप्रियाची अंडी गावरानाखाली बसवा, कोण नको म्हणतंय. पण घरची गावरान मोडू नका.

यात एक गोष्ट पुरुष मंडळींनी जरा कान देऊन ऐकावी. कोंबडीचा पैसा बाईचा असतो. उसाचं बिल आलं तर ते सोसायटीत जातं, सोयाबीनचं दुकानदाराकडं जातं. अंड्याचे पैसे मात्र डब्यात पडतात. त्यातनं पोरीची वही, सासूचं औषध, माहेरी जायचं भाडं निघतं. त्यासाठी नवऱ्याकडं हात पसरावा लागत नाही. तीच कोंबडी शेडमध्ये गेली की कर्ज नवऱ्याच्या नावावर, पैसे नवऱ्याच्या खात्यात, आणि पाणी-खाद्य टाकायला मात्र पुन्हा तीच बाई. उत्पन्न वाढलं म्हणून टाळ्या वाजवताना कुणाचं वाढलं आणि कुणाचं गेलं ते पण बघा.

वेलाचं आणि भाजीचं सांगतो. अर्ध्या गुंठ्यात, म्हणजे जेमतेम साडेपाचशे चौरस फुटांत, आमच्याकडं एक शेवगा, एक कढीपत्ता, एक लिंबू, दोन पपया, मोरीच्या तोंडाला अळू, मांडवावर दोडका अन् घोसाळं, कुंपणाला वाल, आणि चार वाफ्यांत आलटून पालटून मेथी, चुका, माठ, अंबाडी, मिरची, वांगी. पाणी कुठलं? पाच माणसांच्या अंघोळीचं माणशी २० लिटर धरलं तरी रोजचं १०० लिटर होतं. उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा सुद्धा अंघोळ थोडीफार होतेच की. साबणाचं पाणी अळू, पपई, शेवग्याला जातं. पालेभाजीला भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी, बादली वेगळी ठेवायची.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की आपल्या राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. या बायका रोज रानात राबतात, धान्य पिकवतात, आणि त्यांच्याच अंगात रक्त नाही. गोळ्या घ्याव्यात, डॉक्टर सांगतील ते करावं. पण शेवग्याचा पाला, माठ, अंबाडी, वर लिंबू पिळून आणि जोडीला एक अंडं हे ताटात असायला कुणाची योजना यायची वाट का बघायची? उमेद अभियानाची "माझी पोषण परसबाग" मोहीम चांगलीच आहे. पण मोहीम बी देते, रोज पाणी आपणच घालायचं असतं. वाफा वाळला तर तो सरकारनं वाळवला म्हणून चालणार नाही.

आणि ज्यांना वाटतं की परसातनं मोठं काही घडत नाही, त्यांनी अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे बघाव्यात. घराभोवती गावरान वाण लावता लावता, बी राखता राखता त्या बीजमाता झाल्या आणि २०२० साली पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. ज्या कामाला आपण हौस म्हणून हसतो तेच काम आहे ते.

"घाण होते" म्हणणाऱ्यांना पण उत्तर देतो. कोंबडी मोकाट घरात शिरली तर घाण होणारच. खुराडं जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, खाली राख, आठवड्याला एकदा झाडून ते खत उकिरड्यात. वाफ्याला जुनी साडी नाहीतर जाळी. बीजप्रक्रिया केलेलं उरलंसुरलं बियाणं उकिरड्यावर फेकू नका, कोंबडी मरते आणि दोष रोगाला जातो. आणि एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर ओढ्यात टाकू नका, कापून खाऊ नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला होता, हे विसरायचं नाही.

आता कृषी अन् पशुसंवर्धनाची जी साहेब मंडळी हे पान वाचतात त्यांना एक मागणं. परसातल्या कोंबडीचा खरा शत्रू घार नाही, मानमोडी आहे. एकदा आली की खुराडं रिकामं करून जाते, आणि बाई पुन्हा कोंबडी पाळायचं नाव घेत नाही. लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, पुढं आठव्या आठवड्याच्या आसपास आर टू बी. लस महाग पण नाही. अडचण एकच आहे. लहानातली लहान कुपी साधारण १०० पक्ष्यांची, आणि एकदा घोळली की बर्फावर ठेवून दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या बाईनं ९० डोस कुठं ओतायचे?

म्हणून म्हणतो, गावात महिन्यातला एक वार ठरवा. सगळ्यांनी आपापल्या कोंबड्या डालग्यात घालून संध्याकाळी एका जागी आणायच्या. बचत गटातल्या दोघींना शिकवा, त्या थेंब घालतील. आमच्या आळीत आठ घरं मिळून आम्ही हे करतोय, कुपी वाटून घेतली तर पक्ष्यामागं खर्च नावापुरता येतो. ५०० ची शेड सांगणाऱ्या भाषणाला जेवढा वेळ लागला तेवढ्यात दोन गावांच्या कोंबड्यांना लस होते. देशात २०१९ च्या पशुगणनेत ८५ कोटींवर कोंबड्या मोजल्या, त्यातल्या ३१ कोटींच्या वर परसातल्या निघाल्या. इतक्या पक्ष्यांना हौस म्हणायचं का?

शेवटचं, जे वहीत लिहिता येत नाही. सकाळी कोंबडी अंडं घालून आरडायला लागली की नातवंडं गंजीकडं पळतात, कोण आधी शोधतंय म्हणून. पाहुणा दारात आला की घरच्या बाईचा चेहरा पडत नाही, मांडवाला घोसाळं आहे, भजी होतात. दिवस मावळायला कोंबड्या आपल्या आपण खुराड्यात चढतात, त्या मोजायच्या, दार लावायचं, आणि अळूच्या कडेला बाज टाकून घटकाभर पडायचं. दिवसभर बाजारभावानं अन् पावसानं डोकं खाल्लेलं असतं, ते तिथं उतरतं. शहरातली लोकं हेच बघायला पैसे भरून कृषी पर्यटनाला येतात. आपल्याला हे फुकट आहे, अन् आपण त्यावर ब्लॉक बसवतोय!

मृग तोंडावर आलाय. मागचा कोबा फोडायला सांगत नाही, पण जिथं अजून माती आहे तिथं दोन आळी करा. एकात दोडका, एकात भोपळा. शेवग्याची एक फांदी रोवा. शेजारणीकडनं खुडूक कोंबडी आणा, डझनभर अंडी बसवा. आणि एक वही घाला, ती घरातल्या बाईच्या हातात द्या. वर्षानं कुणी माईकवर हौस म्हणालं तर ती वही पुढं ठेवा.

तुमच्या परसात आज काय काय आहे आणि मानमोडीची लस तुमच्या गावात कशी मिळते, ते खाली लिहा. ज्या गावात वार ठरलाय त्यांनी तर नक्की लिहा, बाकीच्यांना उपयोग होईल.

राम राम.