‘नको’ म्हटले की सुटलो, असे नाही



‘रूढ आंतरराष्ट्रीय कायदा हा मर्जीचा मामला, ज्या देशाला नको त्याने अंग काढून घ्यावे’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान अर्धेच खरे आहे. सूट मिळते, पण राष्ट्रांच्या प्रथेतून नियम आकार घेत असतानाच हरकत घ्यावी लागते. ती स्पष्ट, इतर राष्ट्रांना कळेल अशी आणि सततची हवी. आंतरराष्ट्रीय विधी आयोगाचे २०१८ चे निष्कर्षही हेच सांगतात. नियम रुजल्यावर ओरडणे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.

या सुटीसाठी हमखास दाखला दिला जातो तो ब्रिटन-नॉर्वे मासेमारी खटल्याचा. सागरी हद्द मोजण्यासाठी खाडीच्या मुखावर आखायची रेषा दहा मैलांहून लांब नको, असे ब्रिटनचे म्हणणे. नॉर्वेचा किनारा मात्र फ्योर्ड, बेटे आणि खडकांनी कातरलेला. तिथे १८६९ पासूनच बेटाला बेट जोडून सरळ रेषा आखल्या जात होत्या. १९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कौल नॉर्वेला दिला. पण पहिले कारण हे, की दहा मैलांचा नियम सार्वत्रिक झालाच नव्हता. नॉर्वेचा सततचा विरोध हे जोडीचे कारण. म्हणजे सर्वांत गाजलेल्या दाखल्यातही सुटीचा मुद्दा दुय्यमच!

शिवाय एकट्याने किती काळ अडून बसणार? तीन मैलांच्या सागरी हद्दीला चिकटलेल्या ब्रिटनने १९८७ मध्ये आणि अमेरिकेने १९८८ मध्ये बारा मैल स्वीकारलेच. आणि गुलामगिरी, वंशसंहार यांवरील बंदीपुढे तर कोणाचीच हरकत चालत नाही.

– एक वाचक, पुणे