जोड पाहूनच धावावे!

पहाटे पाच-साडेपाचच्या सुमारास कसबा बावड्याहून नव्या राजवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर जो कोणी उभा राहील, त्याला गेल्या काही वर्षांत एक नवे दृश्य नजरेस पडेल. पूर्वी या वेळी रस्त्यावर वर्दळ असे ती दूध घालणाऱ्या गवळ्यांची, गळीत हंगामात साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्यांची आणि तालमीकडे जाणाऱ्या पोरांची. आता त्यांच्या जोडीला पायांत रंगीत बूट आणि मनगटावर अंतर मोजणारे घड्याळ अशा वेषातील मंडळी धावताना दिसतात. ही मंडळी पेशाने खेळाडू नव्हेत. त्यांत शिक्षक आहेत, कचेऱ्यांतील व बँकांतील कारकून आहेत, महाविद्यालयीन विद्यार्थी आहेत आणि 'साखर वाढली आहे, वजन उतरवा' असे डॉक्टरांनी बजावलेले चाळिशीतील गृहस्थही आहेत. यांतील बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे एकच ध्येय असते. आज ना उद्या मॅरेथॉन पुरी करावयाची!

खुर्चीला खिळलेला मध्यमवर्ग स्वतःच्या पायांवर रस्त्यावर उतरला, ही घटना स्वागतार्ह आहे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी ठाण मांडून बसलेले असताना पहाटे धावणाऱ्या माणसाची टिंगल करण्याइतका करंटेपणा दुसरा नाही. तथापि आरोग्यासाठी धावणे आणि मॅरेथॉनसाठी धावणे या दोन गोष्टी एकच आहेत, असा जो समज हळूहळू रुजत चालला आहे, तो तपासून पाहण्याची वेळ आली आहे. कारण दिवस चोवीस तासांचाच आहे आणि त्यातून काढलेला प्रत्येक तास कोणाच्या तरी खात्यातून वजा होत असतो.

हा आकडा आला कोठून?

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. हा आकडा इतक्या भक्तिभावाने उच्चारला जातो, की तो एखाद्या वैद्याने मानवी देहाचा अभ्यास करून ठरविला असावा, असे वाटावे. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये ही शर्यत सुमारे ४० किलोमीटरची होती आणि ती जिंकली स्पिरिडॉन लुईस या पाणी वाहून पोट भरणाऱ्या ग्रीक तरुणाने. पुढे १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यतीची सुरुवात विंडसरच्या राजवाड्यापासून करावी आणि शेवट क्रीडागारातील राजघराण्याच्या सज्जासमोर व्हावा, असे ठरले. त्या दोन जागांमधील अंतर भरले ४२.१९५ किलोमीटर. १९२१ साली तेच कायमचे प्रमाण म्हणून मुक्रर झाले. म्हणजे ज्या आकड्यापायी आपण गुडघे झिजवितो, तो आरोग्यशास्त्राचा नसून इंग्लंडच्या राजघराण्याच्या सोयीचा आहे!

याचा अर्थ ही शर्यत म्हणजे परक्यांचे खूळ आहे, असा मात्र नव्हे. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये हिंदुस्थानातर्फे मॅरेथॉन धावण्यास गेले ते बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि त्यांच्यासमवेत सदाशिव दातार. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणारी पोरे पाहून सर दोराबजी टाटांना त्यांना ऑलिंपिकला पाठविण्याची कल्पना सुचली आणि चौगुल्यांनी ही शर्यत २ तास ५० मिनिटांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक पटकाविला. आपल्या मुलखाचे या शर्यतीशी असलेले नाते शंभर वर्षांहून जुने आहे. प्रश्न शर्यतीच्या थोरवीचा नाही. ती कोणी, केव्हा आणि कशाच्या बदल्यात धावावी, एवढाच आहे.

वस्तादाचा नियम

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी कोल्हापूरकराने परदेशी पुस्तके धुंडाळण्याची गरज नाही. ज्या बावड्यातील लक्ष्मीविलास राजवाड्यात २६ जून १८७४ रोजी राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला, आणि ज्या महाराजांनी पुढे खासबागेचे मैदान बांधून कुस्तीला राजाश्रय दिला, त्या गावाला शरीर कमावण्याचे शास्त्र नव्याने शिकविण्याची आवश्यकता नाही. तालमीत नव्याने आलेल्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी मैदानात उतरवीत नाही. आधी हौदाची माती खणावयास लावतो, मग जोर-बैठका, मग बरोबरीच्या पोरांशी सराव, आणि त्यानंतर एखाद्या जत्रेतील लहानशी कुस्ती. कुस्ती नेमतानाही तो 'जोड' पाहतो. वजन, वय, दम आणि तयारी या चारही बाबतींत पोर समोरच्याला पुरा पडेल काय, याचा अंदाज घेतल्याखेरीज हात मिळविले जात नाहीत. जोड नसलेली कुस्ती लावणाऱ्याला लोक शूर म्हणत नाहीत, अडाणी म्हणतात.

तालमीचा दुसरा नियम याहून महत्त्वाचा आहे. मेहनत, खुराक आणि विश्रांती ही तिन्ही तेथे एकाच मापाने मोजली जातात. मेहनत वाढली, की दूध-तूप-बदाम वाढलेच पाहिजेत आणि दुपारची झोपही वाढली पाहिजे. आमच्या नव्या धावपटूंनी या तिहींतून केवळ मेहनत तेवढी उचलली आहे. स्नायूंची जी झीज धावताना होते, तिची भरपाई आणि बळकटी विश्रांतीच्या काळातच होते, हे आजचे शरीरशास्त्रही सांगते. झोप तोडून केलेला सराव म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्या, आणि तोही फाटक्या, खिशात टाकलेले पैसे होत.

तासांचा हिशेब

कारकुनाला शोभेल अशा रीतीने जरा आकडेमोड करू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढ माणसासाठी जे मार्गदर्शन केले, त्यानुसार आठवड्यातून दीडशे ते तीनशे मिनिटे भरभर चालण्यासारखा मध्यम व्यायाम, किंवा पाऊणशे ते दीडशे मिनिटे धावण्यासारखा जोराचा व्यायाम पुरेसा आहे. त्याच्या जोडीला दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम असावा. आता मॅरेथॉनची तयारी पाहा. साधारण चार-पाच महिने, आठवड्याला पन्नास किलोमीटर धरले, आणि वेग ताशी साडेआठ किलोमीटर धरला, तर नुसते धावण्यातच सहा तासांच्या आसपास जातात. शिवाय रविवारची तीस किलोमीटरची लांब धाव एकट्यानेच साडेतीन तास खाते, आणि उरलेला रविवार अंगदुखीत जातो तो वेगळाच. आरोग्याची किमान मागणी आठवड्याला सव्वा तासाची. शर्यतीची मागणी सहा तासांची. मधले पावणेपाच तास आरोग्यासाठी नव्हे, तर हौसेसाठी खर्च होतात. हौसेला मोल असते, आणि असावेही. पण तिला आरोग्य म्हणून खतावू नये.

प्रस्तुत लेखक स्वतः या मोहातून गेलेला आहे. शाळेतील नोकरी, मार्च महिन्यातील उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि त्याच काळात मॅरेथॉनच्या सरावाचे वेळापत्रक, असा तिहेरी गाडा त्याने एका वर्षी ओढून पाहिला. रात्री बारापर्यंत गुण मांडावयाचे आणि पहाटे साडेचारला बूट चढवावयाचे. सहाव्या आठवड्यात नडगी दुखू लागली. ती वेदना 'धावता धावता मोकळी होईल' अशा समजुतीने अंगावर काढली, आणि शेवटी हाडाला तडा गेल्याचे क्ष-किरण चित्रात दिसले. दोन महिने लंगडण्यात गेले. परंतु खरा धडा निराळाच होता. पाय जायबंदी झाल्यावर घरी बसल्यामुळे पहिल्यांदाच लक्षात आले, की आमच्या या साधनेसाठी घरात आणखी एक व्यक्ती पहाटे साडेचारला उठत होती. डबा लवकर करून ठेवण्यासाठी, मुलांचे आवरण्यासाठी आणि मग स्वतःच्या नोकरीवर वेळेत पोहोचण्यासाठी. धाव एकाची आणि जागरण दोघांचे, असा तो व्यवहार होता. पदकावर मात्र एकाचेच नाव येणार होते!

या विषयावरील चर्चेत नेमकी हीच बाजू झाकलेली राहते. पहिलवानाला तालीम हाच संसार असतो. त्याचा खुराक आणि त्याची झोप यांची जबाबदारी कोणी ना कोणी उघडपणे पत्करलेली असते. नोकरदार माणसाच्या घरी ती जबाबदारी न विचारता गृहिणीच्या अंगावर पडते. म्हणून धावावयास निघणाऱ्या प्रत्येक पुरुषाने स्वतःला एक प्रश्न विचारावा, की माझ्या धावण्याचे तास मी माझ्या झोपेतून घेतो, की दुसऱ्या कोणाच्या? आणि आठवड्यातील दोन पहाटे तरी चुलीपाशी आपण उभे राहून तिला मोकळी हवा खाण्यास पाठवितो काय? पहाटेच्या धावपटूंत स्त्रियांची संख्या अजून थोडी दिसते, ती त्यांना हौस नाही म्हणून नव्हे.

भीती नको, भान हवे

कोणत्याही मॅरेथॉनमध्ये कोणी कोसळल्याची बातमी आली, की धावणे हेच घातक, असा गिल्ला होतो. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये दोघे धावपटू मृत्यू पावले, तेव्हाही असेच झाले. या बाबतीत आकडे शांतपणे पाहावेत. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे एक कोटी नऊ लाख स्पर्धकांची पाहणी झाली. त्यांपैकी ५९ जणांचे हृदय बंद पडले आणि ४२ जण दगावले. धोका अल्प आहे. परंतु पूर्ण मॅरेथॉनमध्ये तो अर्ध्या मॅरेथॉनच्या जवळजवळ चौपट आढळला, हेही तितकेच खरे. म्हणून चाळिशी ओलांडलेल्याने, मधुमेह-रक्तदाब असलेल्याने, किंवा ज्याच्या घराण्यात अकाली हृदयविकार आहे त्याने सराव वाढविण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्यावी. छातीत दडपण, भोवळ, अकारण धाप यांतील काहीही जाणवल्यास थांबण्यात नामुष्की मानू नये.

पाण्याविषयीही असाच गैरसमज आहे. तहान असो वा नसो, ढसाढसा पाणी प्यावे, असा उपदेश सर्रास ऐकावयास मिळतो. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा शेकडा तेरा जणांच्या रक्तातील सोडियम प्रमाणापेक्षा खाली गेलेले आढळले, आणि याचे एक मुख्य कारण पाण्याचा अतिरेक हे होते. तहानेचा इशारा ऐकावा आणि क्षाराचे भान ठेवावे, एवढे साधे सूत्र पुरेसे आहे.

मग करावे काय?

धावणे सोडावे, असे मुळीच सुचवावयाचे नाही. आठवड्यातून तीन दिवस धावावे, दोन दिवस जोर-बैठका काढाव्यात आणि दोन दिवस निखळ विश्रांती घ्यावी. अंतर वाढवावयाचे ते हळूहळू. मार्चअखेरचे हिशेब, परीक्षा, निवडणुकीचे काम, घरातील आजारपण अशा आठवड्यांत धाव कापावी. झोप कापू नये. पहिली दोन-तीन वर्षे दहा किलोमीटर आणि अर्धमॅरेथॉन यांतच आनंद मानावा. पूर्ण मॅरेथॉनची ओढ असल्यास ती आयुष्यात एखाद्या मोकळ्या वर्षी, घरच्यांच्या संमतीने आणि पुऱ्या तयारीने जरूर धावावी. दरवर्षी धावलीच पाहिजे, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही.

याबाबतीत सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर यांचे उदाहरण मननीय आहे. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षे पहिल्या आल्यानंतर त्या अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीकडे वळल्या. २०१४ च्या इंचॉन एशियाडमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळविले आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. बेचाळीस किलोमीटरवरून तीन किलोमीटरवर येण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आपल्या ध्येयाला साजेशी जोड त्यांनी निवडली, इतकेच.

नगरपालनाचीही यात जबाबदारी आहे. अंधारात मागचे दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या चुकवीत धावणे हा व्यायाम नव्हे. पहाटे रस्त्यावरील दिवे चालू राहिले, पदपथ चालण्याजोगे झाले आणि शाळांची मैदाने सकाळी दोन तास खुली झाली, तर स्त्रिया आणि वयस्क माणसेही निर्धास्तपणे बाहेर पडतील. एका दिवसाच्या मॅरेथॉनसाठी कमानी उभारण्यापेक्षा वर्षभराच्या पहाटेसाठी चार दिवे लावणे गावाच्या आरोग्याला अधिक उपकारक ठरेल.

बावड्याच्या रस्त्यावर उद्या पहाटेही माणसे धावतील, आणि धावावीत. प्रस्तुत लेखकही त्यांत असेल. सोमवारी, बुधवारी आणि शनिवारी, सहा-सहा किलोमीटर. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळचा डबा त्याच्याकडे असतो, आणि त्या दिवशी राजाराम बंधाऱ्याच्या रस्त्याने फिरावयास त्याची पत्नी जाते. त्या दोघांना पदक मिळण्याची शक्यता दिसत नाही. पण जोड बरोबर लागली आहे, असे कोणताही वस्ताद म्हणेल.