कार्ल्यातून तारा नेणाऱ्यांना 2 ऑक्टोबरपर्यंतची मुदत

येत्या 2 ऑक्टोबरची ग्रामसभा ही शेवटची मुदत. गावातून तार नेलेल्या प्रत्येक केबलचालकाने आणि इंटरनेट कंपनीने ती कुठून जाते, किती लांब आहे आणि परवानगी कोणाची, हे त्याआधी ग्रामपंचायतीला लेखी कळवावे. जो कळवणार नाही, त्याला विनापरवाना ठरवून नोटीस द्या, असा ठराव आम्ही त्या ग्रामसभेत मांडणार आहोत.

ही माहिती करासाठीही हवी. 30 जून 2017 पर्यंत केबलवर करमणूक कर होता. महापालिका हद्दीत जोडणीमागे महिन्याला 45 रुपये, गावात त्याहून कमी. जिल्हाधिकारी कार्यालय तो वसूल करी. दुसऱ्या दिवशी जीएसटी आला आणि तो कर त्यात विरला. गिऱ्हाइकाचा भार गेला नाही. आजही बिलावर 18 टक्के चढतात. जकात आणि स्थानिक संस्था कर (एलबीटी) बुडाल्याबद्दल महापालिकांना भरपाई मिळावी म्हणून राज्याने त्याच वर्षी कायदा केला. केबलच्या करात गावाचा वाटा किती, हे मात्र कोणी विचारले नाही.

आणि कर बसवण्याचा हक्क तर आहे! 101 व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतली 62 वी नोंद बदलली, तेव्हा पंचायती आणि नगरपालिकांनी बसवायचा करमणूक कर मुद्दाम शाबूत ठेवला. केबल ही सेवा आहे तशीच करमणूकही, हे सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 ला जीएसटीपूर्वीच्या वादात मान्य केले. राज्याच्या 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यातले कलम 124 जत्रा, उत्सव आणि इतर करमणुकीवर कर बसवू देते. पण ते तंबूतल्या खेळांच्या काळात लिहिलेले आहे. राज्य सरकारने नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात त्यात केबलचा स्पष्ट उल्लेख करावा. गरिबाच्या घरातल्या एका टीव्हीवर कर नको, याबद्दल आम्ही ठाम आहोत. महामार्गालगतच्या ज्या रिसॉर्टात खोलीखोलीत टीव्ही आहे, तिथे तो बसवा.

दरम्यान नियम बदलत राहिले, आणि प्रत्येक बदलात गाव आणखी बाजूला पडले. केबलचालकाची नोंदणी पूर्वी टपाल कार्यालयात, जवळच होत असे. जानेवारी 2025 पासून ती थेट दिल्लीच्या मंत्रालयाकडे, ऑनलाइन, पाच वर्षांसाठी 5000 रुपये भरून होते. 2023 च्या नियमांनी केबलच्या जाळ्यावरून ब्रॉडबँड नेण्याची वाट मोकळी केली. म्हणजे त्याच तारेवर धंदा दुप्पट, आणि पंचायतीकडे साधी यादीही नाही.

म्हणून सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, हा इशारा तुम्हालाही आहे. 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या मार्गहक्क नियमांनुसार दूरसंचार कंपनीच्या अर्जाला मुदतीत उत्तर दिले नाही, तर परवानगी मिळाल्याचे धरले जाते. अर्ज कपाटात पडून राहिला की आपल्या अटी घालण्याची संधी गावाच्या हातून जाते. महावितरणचे खांब आपले नाहीत, हे मान्य. पण गावठाणातले रस्ते आणि गटारांच्या कडा पंचायतीच्या ताब्यात आहेत. तिथून गेलेल्या तारांची नोंदवही 2 ऑक्टोबरला ग्रामसभेपुढे ठेवा.

घरपट्टी थकली की गावकऱ्याला नोटीस येते. तोच न्याय तारवाल्यांना लावा. नोंदवही आली नाही, तर 3 ऑक्टोबरला वडगाव मावळच्या गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार जाईल. तिथे दाद लागली नाही, तर पुढचा अर्ज जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे, आणि त्यानंतर उच्च न्यायालयात.