विश्लेषण : दात काळे का पडतात? मशेरी, फ्लोराइड आणि ‘व्हाइटनिंग’ची बाजारपेठ

दात पांढरे करून देण्याचा दावा करणाऱ्या पेस्ट, पावडरी, पट्ट्या आणि घरगुती उपायांच्या चित्रफितींनी समाजमाध्यमे भरून गेली आहेत. त्यातल्या बहुतेकांत एक गोष्ट गाळलेली असते. ती म्हणजे, दात मुळात काळे कशामुळे पडले? चहाचा डाग, मशेरीचा थर, पाण्यातल्या फ्लोराइडचा परिणाम, आतून मेलेला दात आणि कीड या पाचही गोष्टी आरशात थोड्याफार सारख्याच दिसतात. उपचार मात्र प्रत्येकीचा वेगळा आहे. काहींमध्ये ‘व्हाइटनिंग’ निरुपयोगी ठरते, तर काहींमध्ये त्यामुळे मूळ आजार झाकला जातो. महाराष्ट्रात या प्रश्नाला तंबाखू आणि पिण्याचे पाणी अशा दोन सार्वजनिक बाजूही आहेत.

दातांचा रंग नेमका कुठे बदलतो?

दाताचे सर्वांत बाहेरचे कठीण आवरण म्हणजे इनॅमल. ते अर्धपारदर्शक असते. त्याखालचा डेंटिनचा थर पिवळसर असतो आणि दाताच्या मधोमध नस व रक्तवाहिन्या असतात. निरोगी दातही पूर्ण पांढरा नसतो, तो किंचित पिवळसरच दिसतो. वय वाढते तसे इनॅमल झिजते आणि आतला पिवळा थर अधिक उठून दिसतो. त्यात आजार काही नाही.

काळपटपणाचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात डाग दाताच्या पृष्ठभागावर बसतो. चहा, कॉफी, तंबाखू, पानातला काथ, सुपारी ही त्याची नेहमीची कारणे. दातांवर किटण साचले असेल, तर हा रंग त्यावर लवकर धरतो. दुसऱ्या प्रकारात रंग दाताच्या आतच असतो. दात तयार होत असताना शरीरात गेलेले फ्लोराइड किंवा काही औषधे, मार लागून मेलेली नस आणि कीड ही त्याची कारणे. पहिला डाग साफ करता येतो, दुसरा कितीही घासला तरी जात नाही. घासण्याच्या हट्टात इनॅमल झिजते आणि दात आणखी पिवळा दिसू लागतो.

मशेरीचा प्रश्न वेगळा का?

तव्यावर किंवा खापरावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना चोळायची, ही मशेरीची पद्धत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आणि शहरांतल्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बायकांमध्ये तिचे प्रमाण लक्षणीय आहे. सुरुवात बहुधा दातदुखीवरचा उपाय म्हणून होते. तंबाखूने दुखणे तेवढ्यापुरते कमी वाटते, पण निकोटिनची सवय लागते आणि सकाळी एकदा लावली जाणारी मशेरी दिवसातून चार-पाच वेळा लावली जाऊ लागते. ‘आपण तंबाखू खात नाही, फक्त दात घासतो’ हा समज सवयीला आणखी घट्ट करतो.

प्रत्यक्षात मशेरी हे धूरविरहित तंबाखूचेच रूप आहे. तिच्यामुळे दातांवर काळा-तपकिरी थर चढतो, हिरड्या दातांपासून सुटू लागतात, मुळे उघडी पडतात. त्याहून गंभीर धोका कर्करोगाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखू आणि सुपारी या दोन्हींना कर्करोगकारक ठरवले आहे. भारतीय पुरुषांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग सर्वांत वर आहे.

गर्भवती स्त्रियांसाठी धोका आणखी वाढतो. मुंबईतील गर्भवतींच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या आयांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी असल्याचे आणि मुदतपूर्व प्रसूतीचा धोकाही वाढल्याचे त्यात दिसले. या स्त्रियांमध्ये तंबाखूचा सर्वाधिक वापर मशेरीच्या रूपातच होता.

मग कायदा काय सांगतो?

दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने १९९२ मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली बंदी घातली. तिला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये फेटाळले. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर अन्नसुरक्षा कायद्याखाली बंदी आली.

तरीही मशेरी या दोन्ही जाळ्यांतून निसटते. १९९२ ची बंदी दात घासण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांना लागू होते. साध्या तंबाखूची पुडी विकत आणून घरी भाजली, तर तिथे उत्पादकही नसतो आणि दंतमंजनाचे लेबलही. तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत सचित्र इशारा छापण्याचे बंधन २०१६ पासून आहे. पण भाजलेली पूड घरातल्या डबीत पडली की तो इशारा नजरेआड होतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते आणि २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरत होते. म्हणजे राज्याचा प्रश्न विडी-सिगारेटपेक्षा तोंडात ठेवायच्या आणि दातांना लावायच्या तंबाखूचा आहे. तो बंदीपेक्षा आशा सेविका, प्रसूतिपूर्व तपासणी आणि शाळांमधून होणाऱ्या समुपदेशनानेच सुटू शकतो.

पाण्यातील फ्लोराइडमुळे दात तपकिरी कसे होतात?

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांतील काही गावांत कधीही तंबाखू न लावलेल्या मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग दिसतात. हा दंत फ्लोरोसिस. कारण बहुधा विंधन विहिरीचे पाणी असते. खडकातले फ्लोराइड भूजलात विरघळते आणि बोअर जितकी खोल, तितके काही ठिकाणी त्याचे प्रमाण वाढत जाते.

कायमचे दात हिरडीखाली तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या वयापर्यंत, जास्त फ्लोराइड पोटात गेले तर इनॅमल नीट घट्ट होत नाही, सच्छिद्र राहते. दात उगवल्यावर त्या छिद्रांत रंग शिरतो आणि पांढरे पट्टे तपकिरी होतात. म्हणून मोठेपणी अशा गावात राहायला आलेल्या माणसाच्या दातांवर हे डाग येत नाहीत आणि लहानपणी पडलेले डाग गाव सोडले तरी जात नाहीत.

या आजाराचा शोधही दातांच्या रंगातूनच लागला. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे दंतवैद्य फ्रेडरिक मॅके यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्थानिकांचे तपकिरी दात नोंदवायला सुरुवात केली. त्यामागे पाण्यातील फ्लोराइड आहे, हे १९३१ मध्ये स्पष्ट झाले. आज भारतीय मानक ब्यूरोने पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम ठेवली आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे.

मुलांचे डागाळलेले दात ही पुढच्या धोक्याची सूचनाही असते. फ्लोराइडचे प्रमाण खूप जास्त असलेले पाणी वर्षानुवर्षे पीत राहिल्यास ते हाडांत साठते. पाठ, मान, गुडघे आखडतात. त्यावर खात्रीचा इलाज नाही. म्हणून एका गावातल्या अनेक मुलांचे दात सारख्याच पद्धतीने डागाळलेले दिसले, तर टूथपेस्ट बदलण्याआधी पाणी तपासून घेणे गरजेचे असते. पाणी उकळून फ्लोराइड कमी होत नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. साधा कँडल फिल्टरही उपयोगाचा नाही. आरओ यंत्रणा किंवा तुरटी व चुना वापरून केली जाणारी ‘नालगोंडा’ पद्धत फ्लोराइड कमी करू शकते. ही पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केली. शक्य असेल तिथे धरणाचे किंवा नदीचे शुद्ध केलेले पाणी देणे हा टिकाऊ मार्ग आहे.

एकच दात काळा पडला तर?

बाकीचे दात चांगले आणि एकच दात करडा किंवा काळसर होत चालला असेल, तर जुन्या माराची शंका घ्यावी लागते. लहानपणी पडल्याने किंवा खेळताना चेंडू लागल्याने दाताची नस मरते. आतले रक्त डेंटिनमध्ये झिरपते आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी रंग बदलतो. दुखत नाही म्हणून दुर्लक्ष होते आणि मुळाशी पू साचत राहतो. इथे आधी एक्स-रे, गरज असल्यास रूट कॅनाल आणि त्यानंतर दाताच्या आतून ब्लीचिंग हा क्रम असतो.

कीड हेही नेहमीचे कारण. दातांच्या खाचेत दिसणारा तपकिरी-काळा ठिपका घासून जाणारा डाग नसून पोखरण असू शकते. लहान मुलांच्या पुढच्या दुधाच्या दातांवर काळे खड्डे पडत असतील, तर रात्री बाटलीने गोड दूध पिण्याची सवय तपासावी. ‘दुधाचे दात पडणारच आहेत’ म्हणून उपचार टाळले, तर संसर्ग खालच्या कायमच्या दातापर्यंत पोहोचू शकतो.

औषधांमुळेही दात काळे होतात का?

होतात, पण सगळे डाग सारखे नसतात. लोहाच्या सिरपमुळे मुलांच्या दातांवर काळपट थर येतो, तो वरवरचा असतो आणि साफ करता येतो. त्यासाठी रक्तक्षयावरचे औषध बंद करण्याची गरज नाही. सिरपनंतर चूळ भरणे, पाणी पाजणे पुरते. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश आठवडेच्या आठवडे वापरला, तर दात तपकिरी होतात. म्हणून तो दंतवैद्याने सांगितलेल्या मुदतीपुरताच वापरायचा असतो. टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविके गरोदरपणात किंवा आठ वर्षांखालील मुलांना दिली गेल्यास दातांवर कायमचे करडे-तपकिरी पट्टे पडू शकतात. मुलांना उरलेली प्रतिजैविके परस्पर न देण्यामागचे हेही एक कारण आहे.

उपचारांचे पर्याय कोणते?

वरवरच्या डागांसाठी स्केलिंग आणि पॉलिशिंग पुरेसे असते. स्केलिंगने दात हलू लागतात हा व्यापक गैरसमज आहे. किटणाने हाड आधीच झिजवलेले असते, ते किटण काढल्यावर मूळची सैलता जाणवते इतकेच. मशेरीचा किंवा गुटख्याचा डाग साफ केल्यावर सवय चालू राहिली, तर काही महिन्यांत दात पुन्हा काळे होतात.

ब्लीचिंगमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड वापरून आतला रंग फिका करतात. पिवळसर दातांवर ते चांगले काम करते, करड्या पट्ट्यांवर कमी. सिमेंट, कॅप किंवा कृत्रिम दात त्याने पांढरे होत नाहीत. कीड किंवा हिरड्यांचा आजार असताना ब्लीचिंग केल्यास झिणझिण्या व वेदना वाढतात. युरोपीय संघात ०.१ टक्क्याहून जास्त हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली उत्पादने थेट ग्राहकाला विकता येत नाहीत आणि अठरा वर्षांखालील व्यक्तींवर वापरता येत नाहीत. यावरून हे रसायन सलूनमध्ये किंवा ऑनलाइन किट मागवून हाताळण्याइतके साधे नाही, हे लक्षात यावे.

फ्लोरोसिसच्या सौम्य डागांसाठी इनॅमलचा अगदी पातळ थर घासून काढणे किंवा सच्छिद्र भागात रेझिन भरणे असे पर्याय आहेत. डाग गडद असतील तर कॉम्पोझिट, व्हिनिअर किंवा कॅपचा विचार होतो. व्हिनिअर आणि कॅपसाठी बहुधा दात थोडा कोरावा लागतो आणि तो निर्णय मागे घेता येत नाही. त्यामुळे वाढत्या वयाच्या मुलांमध्ये घाई केली जात नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत यातील अनेक उपचार खासगी दवाखान्यांपेक्षा कमी खर्चात होतात.

घरगुती उपाय कितपत सुरक्षित?

लिंबू आणि खाण्याचा सोडा, मीठ, राखुंडी, कोळशाची पूड यांनी दात तात्पुरते उजळ वाटतात. लिंबातले आम्ल इनॅमल मऊ करते आणि खरखरीत पूड ते खरवडते. गेलेले इनॅमल पुन्हा तयार होत नाही. दिवसातून दोनदा मऊ ब्रश आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट, चहा-कॉफीनंतर चूळ आणि वर्षातून एकदा तपासणी हा कमी आकर्षक, पण खरा उपाय आहे. फ्लोरोसिसच्या गावांत लहान मुलांनी पेस्ट अगदी थोडी घ्यावी आणि ती गिळू नये.

थांबू नये अशी लक्षणे कोणती?

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट लागताच आग होणे, तोंड पूर्वीइतके न उघडणे, कारण नसताना दात हलणे यांपैकी काहीही असेल, तर प्रश्न दातांच्या रंगाचा उरत नाही. तंबाखू, मशेरी किंवा सुपारी वापरणाऱ्यांनी अशा वेळी लगेच तपासणी करून घ्यावी. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता बरीच जास्त असते. सवय सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. घरातल्या बाईचे काळे दात हा चेष्टेचा विषय होतो, तेव्हा ती तोंड दाखवायलाच लाजते आणि तपासणी लांबते. ती चेष्टा थांबवून तिला दवाखान्यात नेणे, हे कोणत्याही व्हाइटनिंग पेस्टपेक्षा अधिक उपयोगाचे आहे.